सह्याद्रीच्या पायथ्याशी समुद्र : अनेक छायाचित्रांतून काल्पनिक निसर्गदृश्य घडवण्याची रीत

परशुरामाने बाण सोडून समुद्राला मागे हटवले आणि त्यातून कोकणची भूमी वर आली, ही कथा आपल्याकडे सर्वांनाच ठाऊक आहे. तो बाण सुटलाच नसता, तर हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिल्यावर खाली रानाचे पट्टे, भातखाचरे आणि वाड्या दिसल्या नसत्या. थेट कातळावर फुटणाऱ्या लाटा दिसल्या असत्या. हे दृश्य प्रत्यक्षात कोणालाच टिपता येणार नाही, परंतु वेगवेगळ्या ठिकाणी काढलेली चार-पाच खरी छायाचित्रे जुळवून ते घडवता येते. संगणकावर छायाचित्रे जोडण्याचे काम नव्याने शिकू पाहणाऱ्यांना समोर एक ठरलेले उदाहरण असले, की प्रत्येक पायरीचे कारण समजते, म्हणून या लेखात हेच एक चित्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत घडवू.

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. पाहणारा माणूस अशक्य गोष्ट सहज मान्य करतो, पण दोन सूर्य मान्य करत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याला समुद्र आहे, ही कल्पना त्याला आवडते आणि तो तिच्यात रमतो. मात्र कड्यावर ऊन उजवीकडून आणि गवतावर डावीकडून पडले असेल, तर कारण सांगता आले नाही तरी चित्र खोटे आहे हे त्याला जाणवते. त्यामुळे कल्पनेला कितीही मोकळीक दिली, तरी प्रकाश, क्षितिज, आकारमान आणि हवा या चार बाबतींत निसर्गाचे नियम काटेकोरपणे पाळावे लागतात. पुढच्या सर्व पायऱ्या याच चार बाबींसाठी आहेत.

ही कला संगणकाबरोबर आलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वापरात असलेल्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होत्या, त्यामुळे समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पार पांढरे पडत असे. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे या छायाचित्रकाराने १८५६-५७च्या सुमारास आकाशासाठी एक आणि समुद्रासाठी दुसरी निगेटिव्ह वापरून, ती क्षितिजरेषेवर जोडून एकच प्रिंट काढण्याची रीत वापरली. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेतील जेरी युल्समन यांनी डार्करूममध्ये अनेक एन्लार्जर मांडून, एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली नेत स्वप्नवत दृश्ये घडवली. फोटोशॉपमध्ये लेयरची, म्हणजे चित्राचे तुकडे एकावर एक स्वतंत्र थरांत ठेवण्याची, सोय १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत आली. ल ग्रे यांनी क्षितिजावर सांधा घेतला, कारण तिथे प्रकाश आणि पोत दोन्ही बदलत असल्याने सांधा लपतो; ही युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे.

पहिली पायरी : कागदावरचा आराखडा

संगणक उघडण्याआधी कागदावर पेन्सिलने चौकट काढून तीत क्षितिजरेषा आखावी, सूर्य कुठे आहे ते बाणाने दाखवावे आणि कॅमेरा जमिनीपासून किती उंच आहे, कोणती लेन्स आहे, ऋतू आणि वेळ कोणती आहे, हे बाजूला लिहून ठेवावे. आपल्या उदाहरणात कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे आणि आतल्या बाजूला वाकलेला आहे. त्याच्या उत्तर अंगाला उभे राहून कॅमेरा नैर्ऋत्येकडे रोखला, तर डावीकडे कातळभिंत आणि उजवीकडे मोकळी दरी येते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य जवळजवळ नेमका पश्चिमेला मावळतो. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर २४ मिमीची लेन्स आडवी सुमारे ७४ अंशांचा पट्टा टिपते, म्हणजे सूर्य उजव्या कडेच्या किंचित बाहेर राहतो. एवढ्या माहितीवरून कितीतरी गोष्टी आपोआप ठरतात : आकाश उजवीकडे अधिक उजळ असेल, सावल्या डावीकडे आणि काहीशा आपल्या दिशेने पडतील, पाण्यावरची चमक उजव्या कडेला असेल आणि पुढच्या गवताच्या पात्यांना उजव्या बाजूने सोनेरी कड येईल. हा कागद काम संपेपर्यंत समोर ठेवावा.

दुसरी पायरी : आधारचित्र आणि त्याला पूरक चित्रे

सर्व चित्रांपैकी एक चित्र आधाराचे मानावे आणि बाकीची त्याच्याशी जुळवून घ्यावीत. इथे आधार कड्याच्या चित्राचा आहे. ते ट्रायपॉडवरून, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात, आयएसओ १०० आणि एफ/८ च्या आसपास घ्यावे. व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता डेलाइटवर स्थिर ठेवावा, म्हणजे निरनिराळ्या दिवशी काढलेल्या चित्रांच्या रंगांची तुलना करता येते. सूर्यास्ताच्या सुमारे तासभर आधीचा प्रकाश या कामाला फार चांगला, कारण तेव्हा कातळाच्या थरांची आडवी रेघ न् रेघ उठून दिसते. दरीच्या काठावर वाऱ्याचा जोर अचानक वाढतो आणि पावसाळ्यानंतर गवताखालची माती निसरडी असते. त्यामुळे ट्रायपॉड काठापासून आत लावावा आणि सोबत कोणीतरी असल्याशिवाय हे काम करू नये.

समुद्राचे चित्र निवडताना नवखा माणूस हमखास फसतो. पुळणीवर उभे राहून काढलेला समुद्र या चित्रात बसत नाही. पुळणीवर कॅमेरा पाण्यापासून जेमतेम दीड-दोन मीटर उंच असतो, त्यामुळे लाटा एकीमागे एक दाटलेल्या, बाजूने पाहिल्यासारख्या दिसतात. कड्यावरून दिसणारे पाणी मात्र खाली पसरलेल्या पृष्ठभागासारखे दिसायला हवे. म्हणून समुद्राचे चित्र किनाऱ्यालगतच्या उंच टेकडीवरून किंवा किल्ल्यावरून घ्यावे. रत्नदुर्गासारख्या जागा त्यासाठी सोयीच्या आहेत. तरीही एक अडचण उरते. टेकडी शंभर मीटरची आणि कल्पनेतला कडा त्याच्या कितीतरी पट उंच, त्यामुळे चित्रातल्या लाटा कड्याच्या मानाने फार मोठ्या दिसतात आणि लाट मोठी दिसली, की प्रचंड कडासुद्धा अंगणातल्या दगडाएवढा भासतो. यावर उपाय म्हणजे वारा पडलेल्या, फेस नसलेल्या दिवशीचे चित्र घेणे, त्याचा क्षितिजाजवळचा बारीक पोताचा भाग अधिक वापरणे आणि खालच्या भागासाठी तेच चित्र बरेच लहान करून, त्याच्या प्रती शेजारी-शेजारी मांडून सांधे पुसणे.

आकाशाच्या चित्रात ढग कोणत्या बाजूने उजळले आहेत, हे प्रथम पाहावे. ते चित्र साधारण तशाच रुंद लेन्सने घेतलेले असावे, कारण लांब लेन्सने टिपलेल्या ढगाचा छोटा तुकडा ताणून सबंध आकाशभर पसरला, तर त्याची घडण अवजड आणि परकी दिसते. प्रकाश नेमका विरुद्ध बाजूने असेल तर चित्र आडवे उलटवता येते; ढग, गवत आणि पाणी यांना उलटवण्याने काही बाधा येत नाही. कड्याचे चित्र मात्र उलटवू नये, कारण गडावर जाणारी माणसे तो पाहताक्षणी ओळखतात.

पुढच्या भागासाठी सोनकीची पिवळी फुले घ्यावीत. त्या दिवसांत सह्याद्रीच्या माथ्यांवर ती खरोखरच फुलतात, त्यामुळे वनस्पती आणि ऋतू यांचा मेळ आपोआप बसतो. कास पठारावरही ऑगस्टअखेरीपासून भरपूर सामग्री मिळते, पण आखलेली वाट सोडून फुलांत शिरू नये. कॅमेरा वाटेवरूनच, जमिनीलगत धरून हवे ते चित्र मिळते.

शेवटी एक होडी. आकारमान कळण्यासाठी चित्रात ओळखीची एखादी वस्तू असावी लागते, आणि या चित्रात ते काम होडी करेल.

तिसरी पायरी : मांडणी

या कामासाठी फोटोशॉप चालते. खर्च नको असेल तर अ‍ॅफिनिटी किंवा गिंप पुरेसे आहे. सर्व रॉ फायली एकाच रंगव्यवस्थेत, १६ बिटमध्ये उघडाव्यात. ८ बिटमध्ये काम केल्यास आकाशासारख्या सलग उतरत्या छटांमध्ये पुढे पट्टे पडतात. लेयरचा क्रम खालून वर असा ठेवावा : आकाश, समुद्र, कडा, होडी, फुले, आणि सर्वांत वर धुके व रंगजुळणी. प्रत्येक लेयरला नाव द्यावे. विसाव्या लेयरनंतर ‘कॉपी ३’ म्हणजे नेमके काय, हे कोणालाच आठवत नाही.

आता क्षितिज. समुद्राचे क्षितिज नेहमी जवळजवळ पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असते, मग तो पुळणीवर असो वा गडावर. कड्याच्या चित्रात दूरची क्षितिजरेषा धुरकट दिसत असेल, तर समुद्राचे क्षितिज नेमके त्याच रेषेवर आणावे. ते वर सरकले तर पाणी आपल्या अंगावर कलल्यासारखे दिसते आणि खाली सरकले तर कडा मागे झुकल्यासारखा वाटतो. रेषा अगदी सरळ आणि समतल हवी, यासाठी मार्गदर्शक रेषा ओढून तपासावे.

होडीचे माप अंदाजाने ठरवू नये, कारण हिशेब सोपा आहे. ३६ मिमी रुंद सेन्सरवर ६००० पिक्सेल असतील आणि लेन्स २४ मिमीची असेल, तर २४ ला ३६ ने भागून ६००० ने गुणावे. उत्तर ४००० येते. आठ मीटरची होडी दीड किलोमीटरवर असेल, तर ८ ला १५०० ने भागून ४००० ने गुणावे : जेमतेम २१ पिक्सेल. सहा हजार पिक्सेलच्या चित्रात एकवीस पिक्सेलची होडी ठेवायला हात धजत नाही आणि ती मोठी करण्याचा मोह होतो, पण तेवढ्याशा ठिपक्यामुळेच कड्याची उंची अंगावर येते. चंद्राचेही असेच आहे. आकाशात चंद्र अर्ध्या अंशाएवढाच असतो, म्हणजे याच चित्रात तो सुमारे ३६ पिक्सेलचा दिसेल. थाळीएवढा चंद्र डोंगरामागे चिकटवलेली चित्रे खोटी वाटतात ती यामुळेच. शिवाय पूर्णचंद्र सूर्याच्या विरुद्ध दिशेला उगवतो, त्यामुळे मावळतीच्या या दृश्यात त्याला जागाच नाही.

चौथी पायरी : मास्क

नको असलेला भाग खोडरबराने कधीही पुसू नये. त्यासाठी मास्क वापरावा. मास्कवर काळा रंग लावला की लेयरचा तो भाग झाकला जातो, पांढरा लावला की उघडा होतो आणि करड्या रंगाने अर्धवट दिसतो. मूळ चित्र शाबूत राहत असल्यामुळे आठवड्यानंतरही चूक दुरुस्त करता येते.

कातळाची कड सिलेक्शनच्या साधनाने पटकन मिळते. गवत आणि फुलांसाठी मात्र वेगळी रीत लागते, कारण एकेक पाते निवडत बसणे अशक्य असते. फुले आकाशाच्या पार्श्वभूमीवर टिपली असतील, तर लाल, हिरवा आणि निळा या तीन चॅनेलपैकी निळा चॅनेल पाहावा. त्यात आकाश उजळ आणि पिवळी फुले व गवत गडद दिसते. त्या चॅनेलची प्रत घेऊन कर्व्हजने (उजेड-अंधार कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) गडद भाग काळा आणि उजळ भाग पांढरा होईपर्यंत ताणावा, उरलेसुरले डाग ब्रशने भरावेत आणि ती प्रत उलट करून मास्क म्हणून लावावी. पात्यांची टोकेसुद्धा जशीच्या तशी राहतात. म्हणूनच फुलांचे चित्र काढताना कॅमेरा खाली ठेवून त्यांच्यामागे आकाश घ्यावे. प्रत्यक्ष जागेवरचे ते पाच मिनिटांचे श्रम संगणकावरचे दोन तास वाचवतात.

मास्क झाल्यावर चित्र १०० टक्के झूमवर ठेवून कडा पाहाव्यात. तिथे बहुधा जुन्या आकाशाची फिकट निळसर किनार राहिलेली असते. मास्क एखाद्या पिक्सेलने आत ओढावा आणि त्या लेयरपुरता एक नवा लेयर जोडून, शेजारच्या गवताचा रंग उचलून किनारीवर हलक्या हाताने फिरवावा. कड अगदी धारदारही ठेवू नये. लेन्सने टिपलेली खरी कड एक-दोन पिक्सेलमध्ये विरघळते, तेव्हा मास्कलाही अर्धा ते एक पिक्सेल मऊपणा द्यावा.

पाचवी पायरी : उजेड आणि रंग जुळवणे

उजेड आणि रंग दोन्ही एकदम जुळवायला गेल्यास गोंधळ होतो. सर्वांत वर कृष्णधवल करणारा एक तात्पुरता लेयर टाकावा आणि आधी फक्त उजेड-अंधाराचा मेळ बसवावा. कृष्णधवलात समुद्र कड्यापेक्षा अधिक काळा दिसतो आहे का, फुले विनाकारण चमकतात का, हे लगेच कळते. तो मेळ कर्व्हजने बसवल्यानंतर तात्पुरता लेयर बंद करून रंगाकडे वळावे.

रंगासाठी आयड्रॉपरने (चित्रातल्या एखाद्या जागेचा रंग मोजणाऱ्या साधनाने) आकडे वाचण्याची सवय लावून घ्यावी, कारण डोळा शेजारच्या रंगामुळे फसतो. समजा, कड्याच्या दूरच्या टोकावरील सर्वांत गडद सावलीत लाल ४०, हिरवा ४६ आणि निळा ६० असे आकडे दिसले. याचा अर्थ त्या अंतरावर शुद्ध काळे काही उरलेलेच नाही आणि सावलीत निळेपणा आहे. त्याच अंतरावरच्या पाण्यातील गडद भागाचे आकडे ८, १०, १२ असतील, तर कर्व्हजमध्ये प्रत्येक चॅनेलचे खालचे टोक उचलून तेही कड्याच्या जवळपास आणावेत. सर्वांत उजळ जागांचेही असेच करावे. एवढ्याने निम्म्याहून अधिक जुळणी होते आणि उरलेला फरक रंगांची तीव्रता थोडी कमी केल्याने मिटतो. नवशिक्यांची बहुतेक चित्रे रंग कमी पडल्याने बिघडत नाहीत, ती अतिरंगाने बिघडतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहावी पायरी : हवा

मला या कामातला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो आणि सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होते. दूरचा डोंगर निळा दिसतो, कारण मधल्या हवेत विखुरलेला प्रकाश त्याच्यावर पसरतो. अंतर वाढेल तसे गडद भाग फिके होतात, उजेड-अंधारातला फरक कमी होतो आणि बारकावे मिटत जातात. काठावरचे सोनकीचे फूल, समोरचा कातळ, खालचे पाणी आणि क्षितिज या चार अंतरांवर हवेचे चार थर असले पाहिजेत. प्रत्येक दोन थरांमध्ये एक रिकामा लेयर ठेवावा, क्षितिजाजवळच्या आकाशाचा रंग उचलावा आणि मोठ्या, मऊ ब्रशने पाच ते दहा टक्के ऑपॅसिटीवर (म्हणजे अगदी पारदर्शक ठेवून) थोडे-थोडे धुके चढवावे. हा रंग सगळीकडे सारखा नसतो. सूर्याच्या बाजूला, म्हणजे आपल्या चित्रात उजवीकडे, धुके पिवळसर आणि उजळ दिसते, तर डावीकडे कातळाच्या सावलीत ते निळसर राहते. एकाच राखाडी रंगाने सगळे झाकले, तर चित्रावर धूळ बसल्यासारखे वाटते.

धुक्याचा आणखी एक उपयोग म्हणजे कडा आणि पाणी जिथे भेटतात, तो सांधा त्यात विरघळवता येतो. तिथे कातळ पाण्याजवळ ओलसर, म्हणजे किंचित गडद करावा आणि फेसाची रेघ अगदी बारीक, तीन-चार पिक्सेलची आणि तुटक ठेवावी. इतक्या उंचीवरून, हलत्या पाण्यात कड्याचे स्वच्छ प्रतिबिंब दिसत नाही, त्यामुळे कडा उलटा करून खाली चिकटवू नये. पायथ्याशी मल्टिप्लाय (खालचा थर गडद करणाऱ्या) मोडमध्ये एक गडद, पुसट पट्टा पुरे. होडीमागे पाण्याची फिकट रेघ काढावी.

कोकणकड्याची ख्याती ऐकलेल्या अनेकांना चित्रात इंद्रवज्र, म्हणजे धुक्यावर उमटणारे इंद्रधनुष्यासारखे गोल वर्तुळ, घालावेसे वाटते. ते वर्तुळ सूर्याच्या नेमके विरुद्ध, पाहणाऱ्याच्या सावलीभोवती उमटते आणि त्यासाठी दरीत धुके लागते. म्हणून कड्यावर ते सकाळी, सूर्य पाठीशी असताना दिसते. संध्याकाळच्या चित्रात ते घातले तर जाणकार पहिल्याच नजरेत थांबेल. हवेच असेल तर सबंध चित्र सकाळचे करावे, आणि तेव्हा कातळ सावलीत असेल हे स्वीकारावे.

सातवी पायरी : एकजीव करणे आणि जतन

आता सर्व लेयरांवर मिळून एक कर्व्हज आणि एक हलका रंगबदल द्यावा, म्हणजे वेगवेगळ्या दिवसांचे तुकडे एकाच संध्याकाळचे वाटू लागतात. चित्रांतली दाणेदारपणाची पातळी वेगवेगळी असते. ती आधी नॉइज काढून समान करावी आणि शेवटी सर्वांवर थोडे ग्रेन चढवावे. शार्पनिंग पुढच्या फुलांना आणि जवळच्या कातळाला द्यावे, क्षितिजाला देऊ नये. तपासणीसाठी चित्र आडवे उलटवून पाहावे, अंगठ्याएवढे लहान करून पाहावे आणि शक्य असल्यास एक रात्र मध्ये जाऊ द्यावी, कारण सवयीने न दिसणारे दोष ताज्या नजरेला दिसतात.

लेयरसह मूळ फाइल जपून ठेवावी. फोटोशॉपची पीएसडी फाइल दोन गिगाबाइटच्या पुढे जात नाही, त्याहून मोठ्या कामासाठी पीएसबी निवडावे. मोबाइल आणि संकेतस्थळांसाठी एसआरजीबी या रंगव्यवस्थेत जेपीईजी काढावी. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर ६००० पिक्सेलचे चित्र २० इंच रुंद छापता येते.

सामग्री शक्यतो स्वतःची वापरावी. दुसऱ्याचे छायाचित्र घेतल्यास परवान्याच्या अटी वाचाव्यात. शिवाय परक्या चित्रात सूर्य कुठे होता आणि कॅमेरा किती उंच होता, हे आपल्याला ठाऊक नसते. मजकुरातून चित्र तयार करणारी साधने आज हाताशी आहेत, पण शिकण्याच्या काळात ती बाजूला ठेवावीत, असे मी सुचवीन, कारण प्रकाश पाहायला शिकणे हा या कामाचा गाभा आहे आणि तो शॉर्टकटने हाती लागत नाही.

चित्र प्रसिद्ध करताना त्याखाली ‘संयुक्त छायाचित्र’ असे स्पष्ट लिहावे आणि कोणते भाग कुठले आहेत तेही नोंदवावे. निसर्ग आणि वृत्त छायाचित्रणाच्या स्पर्धांत अशी चित्रे सहसा चालत नाहीत, म्हणून पाठवण्यापूर्वी नियम पाहून सर्जनशील किंवा डिजिटल कलेचा विभाग निवडावा. कोकणकड्यासारखी खरी, ओळखीची जागा वापरली असेल तर ही नोंद अधिकच आवश्यक ठरते, कारण चित्र एकाकडून दुसऱ्याकडे जाता-जाता मजकूर गळून पडतो. त्यामुळे ती नोंद फाइलच्या मेटाडेटातही (फाइलमध्येच साठणाऱ्या माहितीत) भरावी आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत चित्रावरच लिहावी.